हिंगोलीच्या मोंढ्यात भागीदाराचा शोध

सकाळी साडेपाच

मोंढा जागा व्हायच्या आत होईल तेवढंच कोडिंग. हळदीच्या हंगामात याला पर्याय नाही. शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली हळद मार्चपासून हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात उतरायला लागते आणि दहा वाजले की माझा फोन सारखा वाजत राहतो.

माझं सॉफ्टवेअर आडत दुकानांसाठी आहे. मालाची आवक, कट्ट्यांचं वजन, लिलावातला भाव, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराकडचं येणं, बाजार समितीची फी, असा दुकानाचा सगळा हिशोब त्यात मराठीत राहतो. नेट गेलं तरी काम थांबत नाही. त्यातली ओळ न् ओळ मी एकट्यानं लिहिली आहे.

आज पहाटे बसलो होतो ते प्रिंटरसाठी. आडत दुकानांत अजून जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालतात, कारण कार्बन लावून एका दमात दोन प्रती निघतात. त्यांना देवनागरी अक्षर म्हणून कळत नाही, चित्र करून पाठवावं लागतं. ‘कुऱ्हाडे’ आडनावातला ‘ऱ्हा’ त्यात चिरडून निघत होता. आपलं नाव नीट उमटलेलं नसलं की शेतकरी पट्टी हातात धरून तिथेच उभा राहतो. पैसे बरोबर आहेत हे सांगून त्याचं समाधान होत नाही आणि का व्हावं? वर्षभराच्या कष्टाचा तोच एक कागद त्याच्या हाती लागतो. साडेसातपर्यंत ‘ऱ्हा’ उभा राहिला.

अशा कामात मला मनापासून आनंद आहे. अडचण दुसरीकडे आहे. सॉफ्टवेअर चालतं ते माझ्या ओळखीच्या दुकानांत. मामांचं दुकान, मग त्यांच्या शेजारचं, मग शाळासोबत्याच्या वडिलांचं. ओळखी संपल्या तिथे वाढ थांबली. मोंढ्यात फिरायला निघालो की कोड पडून राहतो आणि कोडला बसलो की नव्या दुकानाची पायरी कुणी चढत नाही. नुसत्या वेळेचा प्रश्न असता तर पगारी माणूस ठेवून भागलं असतं. पण कोणतं दुकान आधी धरायचं, किती पैसे मागायचे, गिऱ्हाईक नाही म्हणालं तर ते कशाला नाही म्हणालं, हे ठरवायला माझ्याइतकाच जीव लावणारं दुसरं कुणीतरी हवं. म्हणून नोकर नको, भागीदार हवा.

साडेआठ

पुण्यातल्या एका तरुणाशी व्हिडिओ कॉल. डिजिटल मार्केटिंगमध्ये मुरलेला, मूळ सेनगावकडचा, म्हणून ओळखीतून नाव आलं. तयारी करून बसला होता. फेसबुकवर मराठीत छोटे व्हिडिओ, जिल्हावार जाहिरात, नाव-नंबर गोळा करायचे, मग फोन करायचे. आकडे मांडलेले, खर्चाचा अंदाज काढलेला. मी विचारलं, “नंबर मिळाला, फोन केला, शेठ म्हणाले ‘बघू’. त्याच्या पुढं काय?”

तो म्हणाला, “ती विक्रीची बाजू झाली. तिथं फिरणारा माणूस लागेल.”

उत्तर प्रामाणिक होतं आणि त्यानंच माझा निर्णय सोपा केला. मला हवा आहे तो ‘बघू’च्या पुढचा माणूस. शिवाय त्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, नुसत्या हिश्श्यावर तो येणार नाही. त्यानं स्वतःच हे आधी सांगितलं, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. जाहिरातीचं काम निघालं की ठरलेल्या पैशावर त्याच्याकडूनच करून घ्यायचं, एवढं बोलणं झालं.

खेड्यात बसून सॉफ्टवेअरचा धंदा होत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी बीड जिल्ह्याकडे बोट दाखवतो. आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत यांनी लॉकडाउनच्या काळात गावी येऊन डिझाइनचं सॉफ्टवेअर उभं केलं आणि ‘शार्क टँक इंडिया’च्या तिसऱ्या पर्वात १० टक्के हिश्श्याला १ कोटी रुपये मिळवले. पण त्यांचं गिऱ्हाईक ऑनलाइन येतं, त्याला कार्यालय कुठे आहे याच्याशी कर्तव्य नसतं. माझं गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडे गादीवर बसलेलं असतं. शेजारच्या पेढीवर चहा पिता पिता ‘तुमच्याकडं ते कॉम्प्युटरचं कसं चालतंय’ असं विचारून ते ठरवतं. तिथे व्हिडिओ पोचला तरी त्याच्या जिवावर कुणी वह्या बंद करणार नाही.

दहा

आजचं खरं काम आता. माझ्यासोबत मोंढ्यात एक बाई येणार आहेत. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला भाऊ. कळमनुरीच्या. परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेल्या, नंतर बियाण्याच्या एका कंपनीचं या भागातलं काम पाहिलेल्या. कृषी सेवा केंद्रांना माल द्यायचा आणि हंगाम संपला की उधारी गोळा करायची, हे त्यांचं काम. बदली लांब झाली तेव्हा घरच्यांसाठी त्यांनी नोकरी सोडली. मार्केटिंगची पदवी त्यांच्याकडे नाही.

त्यांना मी आधीच म्हटलं होतं, “मुलाखत नको, एक सकाळ माझ्यासोबत फिरा.”

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ, एवढेच पाच तालुके. व्यापारी एकमेकांना ओळखतात, पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी आहेत. हिंगोलीत सकाळी एखाद्या दुकानात हिशोब चुकला तर संध्याकाळी वसमतला कळतं. भागीदाराच्या तोंडून जो शब्द जाईल तो याच माणसांत फिरणार.

पहिल्या दुकानात गेलो तेव्हा लिलाव त्या ओळीत यायचा होता. मी लॅपटॉप काढायला लागलो तर ताईंनी डोळ्यांनीच थांबवलं. खरेदीदारांचा घोळका आला. एकानं ढिगातून कांडी उचलली, कट्‌कन मोडली, आतला रंग उन्हात धरला, दुसरी फरशीवर टाकून तिचा खणखणीत आवाज ऐकला. नीट वाळलेली हळद वाजते, ओलसर हळद बद्द पडते. भाव पुकारला गेला, शेतकऱ्यानं मान हलवली, घोळका पुढे सरकला. या सगळ्या वेळात ताई एक शब्द बोलल्या नाहीत. लिलाव चालू असताना शेठचं लक्ष दुसरीकडे ओढायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग त्या शेठकडे गेल्याच नाहीत. मुनीमजींच्या समोर बसल्या.

“काका, हंगामात घरी जायला सगळ्यात उशीर कोणत्या दिवशी होतो?”

मुनीमजींनी चष्म्यावरून बघितलं. “कामून विचारता ताई?”

“माझे वडील जिनिंगमध्ये दिवाणजी होते. रात्री दहाला यायचे, जेवण गार व्हायचं. म्हणून विचारलं.”

मुनीमजी हसले आणि बोलायला लागले. पट्टीला त्यांना वेळ लागत नाही, चाळीस वर्षांचा हात आहे. वेळ लागतो उचलीला. पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला शेतकऱ्यानं हंगामाआधी दुकानातून पैसे उचललेले असतात. माल आला की पट्टीतून किती कापायचे, किती पुढच्या खेपेला ठेवायचे, हे त्या त्या घरावर असतं. त्याची एक लाल वही वेगळी आहे आणि वहीत नसलेलं बरंच मुनीमजींच्या डोक्यात आहे. एका भावाची उचल दुसऱ्याच्या पट्टीतून कापली गेली तर घरात भांडण आणि दुकानाला बोल.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये उचलीची नोंद आहे. पण ती तीन पडदे आत आहे, खाते निवडा, मग व्यवहार, मग आगाऊ रक्कम. पट्टी करताना ती समोर दिसत नाही. ताईंनी ते माझ्याकडून तिथल्या तिथे विचारून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं. मुनीमजींना म्हणाल्या, “काका, पट्टी करताना नावाशेजारीच उचल दिसली तर?”

“दिसली तर बरं. पण कापायची किती, ते मीच सांगणार.”

“तुम्हीच सांगायचं. यंत्रानं फक्त आठवण द्यायची.”

त्या वाक्यावर मुनीमजींनी लाल वही उघडून आमच्याकडे फिरवली. मामांच्या दुकानातही मला कुणी ती अशी दाखवली नव्हती. आपलं काम जाईल ही मुनीमाची भीती मला माहीत होती. ती न बोलता दूर करता येते, हे आज पाहिलं.

दुसऱ्या दुकानात शेठनं सरळच विचारलं, “आमचा आकडा शेजारच्याला कळणार नाही कशावरून?” मी सांकेतिक कुलूप, पासवर्ड असं सांगायला लागलो. ताई म्हणाल्या, “शेठ, कंपनीत असताना तुमच्याच गल्लीतल्या दोन कृषी केंद्रांची उधारी माझ्याकडं होती. एकाचं दुसऱ्याला कधी कळलं का, त्यांनाच विचारा.” शेठनं त्या दोघांची नावं विचारून घेतली. घेणार की नाही ते बोलले नाहीत, पण चहा आला.

दीड

मोंढ्यामागच्या खानावळीत भाकरी, पिठलं, ठेचा. आता हिश्श्याचं बोलणं.

मी त्यांना काटकर बंधूंची गोष्ट सांगितली. माझ्या डोक्यात भागीदारीचा नमुना म्हणून तीच बसलेली आहे. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शाळा सोडून ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे पुण्यात मंगळवार पेठेत त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडू लागले, संजयनं ते काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातून क्विक हील तयार झालं. लिहिणारा एक, विकणारा दुसरा. २००७ मध्ये कंपनीचं नावही क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूकदारांनी ६० कोटी रुपये घातले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

लोक ही गोष्ट दोन भावांच्या जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यात काउंटर दिसतो. बिघडलेलं यंत्र घेऊन वैतागलेला माणूस ज्या काउंटरवर येतो, त्याच्या मागे कैलास काटकर कित्येक वर्षं उभे होते. गिऱ्हाईकाला काय दुखतंय हे त्यांना सॉफ्टवेअर जन्मायच्या आधीच ठाऊक होतं. पुढे मालही विकला गेला तो मुख्यतः कॉम्प्युटर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांच्या हातून, म्हणजे त्यांच्याच बिरादरीतून. मला सख्खा भाऊ मिळणार नाही, पण काउंटरमागे उभं राहिलेलं माणूस मिळू शकतं.

ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मला किती?”

अमेरिकेत वाय कॉम्बिनेटरसारख्या संस्था भागीदार नसलेल्यांना एकमेकांशी जोडून द्यायचं कामही करतात. २०२१ पासून त्यांची तशी सोय आहे. त्यांचा सल्ला असा की हिस्सा शक्यतो बरोबरीचा द्यावा, मात्र एकदम देऊ नये. चार वर्षांत तो हळूहळू हक्काचा व्हावा, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत कुणी सोडून गेलं तर त्याला काही मिळू नये. मी चाळीस टक्के म्हणालो. कोड उभा आहे, चालू दुकानं आहेत, म्हणून साठ-चाळीस. चार वर्षांची अट दोघांनाही, मलासुद्धा. मी उद्या पुण्याला नोकरी धरली तर त्यांनी कुणाच्या जिवावर धंदा करायचा?

“ते ठीक,” त्या म्हणाल्या, “पण पहिलं वर्ष मी खायचं काय?”

भागीदारीवर लिहिणारे या प्रश्नाला फार लवकर ओलांडून जातात. बचत असलेल्या शहरी माणसाला तो टोचत नसेल. इथे घरात सासू-सासरे आहेत, लेकराची फी आहे, नोकरी सोडल्यापासून घरात त्यांचे पैसे येणं थांबलंय. हिस्सा मोठा आणि हातात शून्य, अशा बोलीवर मराठवाड्यातलं कुठलंही घर सुनेला मोंढ्यात पाठवणार नाही. म्हणून हे ठरलं: मिरगापर्यंत, म्हणजे हळदीचा हंगाम ओसरेपर्यंत, सोबत काम करून बघायचं. पेट्रोल माझ्याकडून. त्यांनी आणलेल्या प्रत्येक दुकानाच्या पहिल्या वर्षाच्या फीतला अर्धा भाग त्यांचा, फी जमा होईल त्या आठवड्यात. मिरगाला दोघांचीही तयारी असेल तर कंपनी आणि हिस्सा. नसेल तर मिळवलेले पैसे त्यांचे, राग-लोभ नाही.

त्यांनी आपली एक अट घातली. “दुकानदाराला मी शब्द दिला की अमुक तारखेला होईल, तर ते झालं पाहिजे. आणि तुम्हाला जमणार नसेल तर मी शब्द द्यायच्या आधी सांगायचं. नंतर नाही.”

मी लगेच हो म्हणालो. एकट्यानं काम करणाऱ्याला तारखेची सवय नसते, कुणी विचारणारंच नसतं. ही अट सॉफ्टवेअरला सुधारणार, याची मला खात्री आहे.

चार

सीएंकडे थोडा वेळ. ते म्हणाले, एकट्याच्या नावावर कंपनी काढायची सोय २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे, पण भागीदार येणार असेल तर तो वळसा कशाला? प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, ते तुमच्याकडे असतील. पुढेमागे बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा तर तीच बरी. दोन गोष्टी त्यांनी ठासून सांगितल्या. चार वर्षांची अट तोंडी ठेवून उपयोग नाही, ती दोघांच्या करारात लिहावी लागेल. आणि आज कोड माझ्या व्यक्तिगत मालकीचा आहे, तो लेखी कंपनीच्या नावे करून द्यावा लागेल, नाहीतर ताईंचा हिस्सा रिकाम्या डब्यातला ठरेल. दुसऱ्या गोष्टीनं मला क्षणभर जड वाटलं. पण चाळीस टक्के द्यायचे तर खऱ्या वस्तूतले द्यायचे.

सहा

कळमनुरीच्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांना फोन लावला. ताईंनीच नंबर दिला होता. मी विचारलं, माल विकायला कशा होत्या?

“विकायला सगळेच येतात हो. वसुलीला कशी होती ते विचारा.” मग त्यांनी सांगितलं. पाऊस दगा देऊन गेला त्या साली शेतकऱ्यांकडे यांचेच पैसे अडकले होते, कंपनीचा वरून तगादा. ताई आल्या, दुकानात गिऱ्हाईक होतं तोवर पैशाचा विषय काढला नाही. गिऱ्हाईक गेल्यावर वही घेऊन बसल्या, कोणाकडून कधी येणार याची तारीखवार यादी केली आणि तीच यादी कंपनीला पाठवून हप्ते बांधून घेतले. “पैसे सगळे घेतले तिनं. पण चार माणसांत माझी मान खाली घातली नाही.”

एवढं ऐकल्यावर आणखी कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

रात्री नऊ

जेवण करून पुन्हा कोड. पट्टीच्या पडद्यावर शेतकऱ्याच्या नावाशेजारी उचल आणली. बाकी किती, शेवटची कधी घेतली. कापायची रक्कम रिकामी ठेवली, ती मुनीमानं भरायची. भावाभावांची खाती वेगळी दिसावीत म्हणून नावाखाली गाव आणि वडिलांचं नाव टाकलं. दिसायला काम छोटं होतं, पण जुन्या नोंदी नव्या जागी जुळवताना साडेअकरा झाले.

मधेच ताईंना आजच्या बोलीचा एक पानी मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो दोन दुरुस्त्या होऊन परत आला. ‘फी जमा होईल त्या आठवड्यात’ याच्या जागी ‘दर शनिवारी’, कारण शनिवारी घरचा बाजार असतो. आणि मी ‘नवीन दुकान’ लिहिलं होतं तिथे त्यांनी जोडलं होतं, ‘आज पाहिलेली दोन दुकानं धरून’. दोन्ही मान्य केल्या.

पाठोपाठ दुसरा निरोप. उद्या वसमत. तिथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा पट्टीवर वाण आणि गाव छापता येईल का, असं तिथले एक व्यापारी विचारतायत. “किती दिवस लागतील ते सकाळी निघायच्या आत सांगा. मग मी त्यांना तारीख देते.”

पट्टीचा आराखडा उघडून पाहिला. वाणाची जागा करायला अर्धा दिवस, गाव तर आता आहेच, प्रिंटरवर तपासायला एक सकाळ. शुक्रवार लिहून पाठवलं.